टायरमधली हवा: सकाळचा आकडा खरा

उन्हाळा तोंडावर आला की टायरमधल्या हवेविषयीची पत्रं वाढतात. या वेळी नागपूर आणि आसपासच्या वाचकांचे प्रश्न घेतले आहेत. आकडे पीएसआयमध्ये, म्हणजे आपण बोलताना ज्याला 'पौंड' म्हणतो त्यात दिले आहेत. मशीनवर बार दिसत असेल तर १ बार म्हणजे साडेचौदा पौंड. जुन्या डायलवर किलो असेल तर १ किलो म्हणजे १४.२ पौंड.

प्रश्न : उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून आमच्या कॉलनीत बहुतेक जण एप्रिलपासून हवा चार-पाच पौंड कमी ठेवतात. माझ्या कारच्या दारावर ३३ लिहिलं आहे, मी २८ ठेवतो. बरोबर आहे ना? (मनीषनगर)

नाही. ज्या भीतीपोटी तुम्ही हवा कमी ठेवता, तीच गोष्ट त्यामुळे ओढवून घेता.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा आतल्या दाबाने नाही, तर रबर आणि आतले धागे तापून सैल पडल्यामुळे. हवा कमी असली की टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते आणि पुन्हा सरळ होते. लोखंडी तार हातात धरून दहा वेळा वाकवली की वाकलेली जागा चटका देण्याइतकी तापते, तसंच इथे होतं. कारचं चाक ताशी ८० च्या वेगाला मिनिटाला सातशेच्या वर फेरे घेतं. बाहेर पंचेचाळीस अंश आणि खाली तापलेला सिमेंट रोड असला की ही उष्णता बाहेर पडायलाही जागा राहत नाही. शेवटी साइडवॉलचे थर एकमेकांपासून सुटतात.

दारावरचा ३३ हा आकडा थंड टायरचा आहे. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास सावलीत उभी, किंवा त्यानंतर दीड-दोन किलोमीटरच्या आत चाललेली. गाडी पळाली की दाब वाढणार, हे कंपनीने आधीच धरलेलं असतं. हिशेब असा: तापमान १० अंशांनी वाढलं की कारच्या टायरमध्ये साधारण दीड पौंड चढतो. मे महिन्यात सकाळी सहाला ३० अंश असताना ३३ भरली, तर दुपारी ४५ अंशांत उभ्या गाडीत ३५ च्या थोडं वर दिसेल. वर्धा रोडने तासभर पळवून आणली आणि टायरमधली हवा ७० अंशांपर्यंत गेली, तर ३९. हे सगळं ठीक आहे. चांगला टायर यासाठीच बनवलेला असतो.

गडबड होते ती पुढे. पंपावर कुणीतरी ३९ बघतं, 'अबब' म्हणतं आणि पिन दाबून ३३ वर आणतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर गार झाला की त्यात सत्तावीस-साडेसत्तावीस उरते. गरम टायरमधली हवा कधीही सोडू नका, हा एकच नियम पाळला तरी उन्हाळ्यातली निम्मी दुखणी टळतील.

मोजायची वेळ सकाळची, ऊन यायच्या आधी. पूर्वेला तोंड करून उन्हात उभ्या गाडीची उन्हाकडची दोन चाकं सावलीतल्या चाकांपेक्षा दोन-तीन पौंड जास्त दाखवतात, आणि मग माणूस उगाच त्या दोघांतली हवा काढतो. व्हॉल्व्हचं टोपण काढून खिशात ठेवा, जमिनीवर ठेवलं की त्यात धूळ जाते आणि तीच धूळ व्हॉल्व्हमध्ये. गेज सरळ, एका झटक्यात दाबा. 'फुस्स' आवाज चालूच राहिला तर ते नीट बसलेलं नाही आणि आकडा खोटा आहे. दोनदा मोजा, दोन्ही वेळा सारखंच आलं पाहिजे. शेवटी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब लावून पाहा. फुगा आला तर पिन गळते आहे. मग टोपण घट्ट. टोपणाचं मुख्य काम धूळ-पाणी बाहेर ठेवण्याचं आहे, पण पिन किंचित गळत असली तर आतल्या रबरी चकतीमुळे तेवढा आधारही मिळतो.

प्रश्न : घराजवळ हवा भरायची सोय नाही. पंप चार-पाच किलोमीटरवर आहे, तिथे पोचेपर्यंत टायर गरम होतात. मग थंड टायरचा आकडा मिळवायचा कसा? आणि दोन पंपांवर दोन वेगळे आकडे येतात, त्याचं काय? (वाडी)

स्वतःचं गेज घ्या. पाचशे-सातशे रुपयांत बऱ्यापैकी डायलचं किंवा डिजिटल गेज मिळतं. सकाळी घरी मोजून कागदावर तूट लिहा. समजा लागतात ३३ आणि आल्या पुढच्या डाव्या चाकात २९, उजव्यात ३३, मागे ३० आणि ३३. तूट झाली ४, ०, ३, ०. पंपावर पोचल्यावर त्याच गेजने पुन्हा मोजा. आता ३२, ३६, ३३, ३६ अशी दिसतील. पुढच्या डाव्यात ४ आणि मागच्या डाव्यात ३ वाढवा. चारही चाकं ३६ दाखवतील आणि हवा भरणारा पोरगा म्हणेल, 'काका, जास्त झाली.' होऊ द्या. रात्री गार झाल्यावर ती ३३ वरच येते.

पंपावरची आपोआप भरणारी डिजिटल मशीन सोयीची आहे, पण पाइप लावण्याआधी तिच्यावर आधीच्या गाडीचा आकडा तसाच राहिलेला नाही ना, ते बघा. मशीन गरम-थंड ओळखत नाही. ३३ लावलेलं असेल आणि तुमच्या गरम टायरमध्ये ३६ असेल, तर ती इमानेइतबारे ३ पौंड सोडून देते. वरच्या उदाहरणात मशीनवर ३६ लावायला सांगा. पेट्रोल पंपावर हवा मोफत देणं बंधनकारक आहे, भरणाऱ्याला खुशीने काही द्यायचं ते वेगळं.

दोन पंपांत दोन-तीन पौंडांचा फरक पडणं नेहमीचं आहे. पाइप ओढला जातो, मीटर आपटतं, वर्षानुवर्षं कुणी तपासत नाही. तुमचं गेज बरोबर आहे का हे पाहायचं असेल तर व्हील अलाइनमेंट करणाऱ्या चांगल्या टायरवाल्याकडे त्याच्या गेजशी एकाच चाकावर ताडून घ्या. नेहमी दोन कमी दाखवत असेल तर मागे पट्टी चिकटवून 'अधिक २' लिहा. कायम तितकंच चुकणारं गेज चालतं, दर वेळी वेगळं चुकणारं फेकून द्या.

प्रश्न : टायरवर 'कमाल ५१ पीएसआय' असं कोरलेलं आहे आणि दाराच्या पट्टीवर ३३. नेमकं कुणाचं ऐकायचं? पाच जण आणि सामान घेऊन ताडोब्याला जायचं असेल तर? (त्रिमूर्तीनगर)

दाराचं ऐका. टायरवरचा आकडा टायर बनवणाऱ्याचा आहे: यापुढे भरू नका, इतकंच तो सांगतो. तोच टायर हलक्या हॅचबॅकला लागतो आणि जड सेडानलाही, त्यामुळे तुमच्या गाडीला किती हवी हे त्याला ठाऊक नसतं. गाडीच्या कंपनीची पट्टी चालकाच्या दाराच्या खांबावर, पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आत किंवा पुस्तिकेत असते.

त्या पट्टीवर बऱ्याचदा दोन ओळी असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरी पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. दुसऱ्या ओळीत मागच्या चाकांचा आकडा वाढलेला दिसेल. ताडोब्याला निघायच्या सकाळी ती ओळ पाहून भरा आणि परत आल्यावर गार टायरमध्ये पहिल्या ओळीवर आणा. मागच्या चाकांत सतत जास्त ठेवून रिकामी गाडी चालवली तर टायर मधोमध झिजतो आणि पावसात मागची बाजू घसरते. कमी हवेत उलट होतं, दोन्ही कडा झिजतात आणि मध्य शिल्लक राहतो. टायरवर हात फिरवला की तुमच्या सवयीचा हिशेब कळतो.

बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर डिकीत टाकी आणि गॅस मिळून साधारण ७० किलो कायमचे वाढलेले असतात. म्हणजे मागे एक सडपातळ माणूस रोजच बसलेला आहे असं समजा. कंपनीतून सीएनजी आलेल्या गाडीची पट्टी तो भार धरूनच छापलेली असते.

प्रश्न : नायट्रोजन भरला तर उन्हाळ्यात दाब वाढत नाही म्हणतात. पैसे द्यावे का? (धरमपेठ)

वाढतो. नायट्रोजनही तापला की साध्या हवेइतकाच फुगतो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा आहे तो दोन बाबतींत: तो कोरडा असतो आणि रबरातून जरा हळू झिरपतो. ज्याच्या कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी कधी काढलं जात नाही, त्याच्याकडची हवा ओली येते आणि दाब थोडा अनियमित वाढतो, इतकाच फरक. पैसे गेजवर खर्च करा. आधी नायट्रोजन भरला असेल आणि आता साधी हवा मिसळली तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : स्कूटरच्या मागच्या ट्यूबलेस टायरमधली हवा आठवड्यात दहा-बारा पौंड उतरते. पंक्चरवाला पाण्यात बुडवून 'काही नाही' म्हणतो. (महाल)

टायरमधून महिन्याला एक-दोन पौंड आपसूक जातात. आठवड्याला दहा जात असतील तर कुठेतरी वाट आहे, फक्त ती बारीक आहे. घाईघाईत बुडवलेल्या चाकाला एवढा बारीक बुडबुडा दिसत नाही. भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी करा, टायर ३५-३६ पर्यंत भरा आणि ब्रशने लावून पाच मिनिटं थांबा. क्रम ठरलेला ठेवा.

आधी व्हॉल्व्हचं तोंड. फुगा येत असेल तर व्हॉल्व्ह-कीने आतली पिन पाव फेरा घट्ट करा. तरी थांबलं नाही तर पिनच बदला, अगदी किरकोळ किमतीचा भाग आहे. मग व्हॉल्व्हचा रबरी दांडा अंगठ्याने एका बाजूला वाकवून त्याच्या बुडाशी पाहा. उन्हाने तिथे केसासारख्या चिरा पडतात आणि त्या वाकवल्यावरच उघडतात. व्हॉल्व्ह सरळ असताना पाण्यात काहीच दिसत नाही, पंक्चरवाल्याची चूक बहुधा इथेच होते. टायर बदलताना व्हॉल्व्हही नवा घालायचा, हा नियम त्यासाठीच.

तिसरी जागा म्हणजे टायरची कड रिमला जिथे टेकते ती गोल रेघ. पत्र्याच्या रिमवर तिथे गंज धरतो, दरवर्षी पावसाळ्यानंतर थोडा जास्त. फेस मुंग्यांच्या अंड्यांसारखा बारीक, ओळीने येईल. टायर काढून रिमची ती पट्टी तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने साफ करून बीड सीलर, म्हणजे कड आणि रिममधली फट बुजवणारा लेप, लावला की हे थांबतं. पंक्चरवाला फक्त जास्त हवा मारून 'बसेल' म्हणाला तर दुसरा शोधा.

यातलं काहीच सापडलं नाही तर टायरच्या नक्षीत अडकलेला खिळा किंवा काच शोधा. खाचेत बसलेला बारीक खिळा स्वतःच भोक बुजवून धरतो आणि चाक फिरताना थोडी थोडी हवा सोडतो. पायथ्याला, म्हणजे नक्षीत, असलेलं ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक दुरुस्त होतं. साइडवॉलचं पंक्चर दोरी घालून चालवू नका. आणि टायरमध्ये सीलंटचं द्रव आधीच घातलेलं असेल तर हवा मोजताना व्हॉल्व्ह खाली ठेवू नका. द्रव पिनेत शिरतं, वाळतं आणि पिन अर्धवट उघडी राहते. मग गळती शोधायला निघालेला माणूस ती स्वतःच तयार करतो.

प्रश्न : समृद्धीवरून शिर्डीला जायचं आहे. निघण्याआधी टायरबाबत नक्की काय पाहू? गाडी आठ वर्षांची आहे. (हुडकेश्वर)

नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. पुढे जून २०२५ मध्ये मुंबईकडचा शेवटचा भागही खुला होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. मुद्दा अंतराचा नाही, सलग वेगाचा आहे. कारला ताशी १२० ची मर्यादा. शहरात सिग्नलला, खड्ड्याला, गायीला थांबताना टायर गार व्हायला उसंत मिळते. इथे तासन् तास तो एकाच वेगाने दुमडत राहतो. हवा कमी असेल आणि वेग जास्त, तर टायर जमिनीवरून उचलला गेल्यावर पूर्ववत व्हायच्या आत पुन्हा जमिनीवर येतो. त्याच्या मागच्या भागात लाटेसारखी घडी उभी राहते. ती लाट सुरू झाली की काही मिनिटांतच टायर जळू शकतो.

आठ वर्षांच्या गाडीत पहिला प्रश्न टायरच्या वयाचा. साइडवॉलवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. '२३२१' म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. काही टायरांवर पूर्ण ओळ एकाच बाजूला, बहुधा आतल्या, असते, तेव्हा गाडीखाली वाकून बघायची तयारी ठेवा. मूळ टायर अजून तेच असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, समृद्धीवर त्यांच्या भरवशावर जाऊ नका. नागपूरच्या उन्हात उभी राहणारी गाडी कमी चालते म्हणून टायर टिकत नाही, रबर उभ्या उभ्याच कडक होतं. नखाने खाचेच्या तळाशी दाबा, चिरा उघडताना दिसल्या की निर्णय झाला.

नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. साइडवॉलवर बोराएवढा जरी फुगवटा दिसला तरी तो टायर हायवेसाठी बाद. खड्ड्याच्या कडेने आतले धागे तुटले की तिथून असा फुगवटा येतो आणि तो भरत नाही. मापाच्या शेवटी असलेलं अक्षरही बघा: 'एस' म्हणजे १८०, 'टी' १९०, 'एच' २१० ची मर्यादा. चांगल्या अवस्थेतल्या, योग्य हवेच्या टायरला १२० काहीच नाही, पण टायर बदलताना यापेक्षा खालच्या अक्षराचा स्वस्त टायर घेऊ नका.

हवा निघायच्या दिवशी पहाटे, पट्टीवरच्या पूर्ण भाराच्या ओळीप्रमाणे. पुस्तिकेत जास्त वेगासाठी वेगळा आकडा दिला असेल तर तो. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धीवर चढल्यावर मग थांबून हवा काढायची नाही, कितीही चढलेली दिसली तरी. वाटेत चहाला थांबाल तेव्हा चारही टायरवर हाताचा पंजा ठेवून पाहा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक चिकटतो आहे. ते शोधल्याशिवाय पुढे निघू नका. स्टेपनीही मोजा. ती बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर बऱ्याचदा तिला ६० पौंड लागतात आणि ताशी ८० ची मर्यादा असते. तिच्यावर छापलेलं वाचा.

प्रश्न : आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरलं आहे. बागेत आणि कळमन्याच्या बाजारात ट्रॉली नेताना हवा वेगळी ठेवावी का, आणि पाणी असताना मोजावी कशी? (काटोल)

वेगळी ठेवली तर टायरही वाचेल आणि बागही. बागेत मागच्या मोठ्या टायरला साधारण १२ ते १४ पौंड पुरतात. हवा कमी असली की टायर पसरतो, वजन वाटलं जातं आणि काळी माती कमी दबते. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात, ओल्या मातीत फुगलेल्या टायरने फेऱ्या मारल्या की त्या थराचा पाटा होतो. डांबरी रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढताना मात्र तेवढी हवा अपुरी पडते. ट्रॉलीचा पुढचा भार हुकवरून मागच्या टायरवर येतो, साइडवॉल दुमडते आणि नक्षीचे दांडे रस्त्यावर घासून एका बाजूने झिजतात. रस्त्यासाठी २ ते ४ पौंड वाढवा, पण टायरच्या मापाप्रमाणे पुस्तिकेतल्या तक्त्याच्या बाहेर जाऊ नका. ट्रॉलीच्या टायरचा हिशेब पूर्ण वेगळा आहे. त्यांना कितीतरी जास्त दाब लागतो, त्यांचा आकडा ट्रॉलीच्या भारानुसार ठरवा आणि तो ट्रॅक्टरच्या आकड्यात मिसळू नका.

मोजताना ट्रॅक्टर सपाट जागी आणि व्हॉल्व्ह बाराच्या काट्यावर आणा. पाणी भरताना व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरलं की टायर साधारण तीन-चतुर्थांश भरतो आणि वर हवेला जागा राहते. त्याच जागेतला दाब मोजायचा. व्हॉल्व्ह खाली ठेवून मोजलं तर पाण्याच्या उंचीचे एक-दीड पौंड आकड्यात मिसळतात, १२ मधल्या चुकीला ते फार झालं, शिवाय गेजमध्ये पाणी शिरून ते बिघडतं. कारचं ० ते १०० चं गेज इथे वापरू नका, त्यावर १२ आणि १४ मधला फरक काट्याच्या जाडीतच जातो. ० ते ३० पर्यंतचं, पाणी चालणारं गेज शेतीच्या दुकानात मागा.

प्रश्न : डिसेंबरमध्ये सकाळी गाडी सुरू केली की टायरच्या दाबाचा पिवळा दिवा लागतो, दुपारी विझतो. सेन्सर बिघडला का? (कोराडी रोड)

बहुतेक नाही. मे महिन्यात ३० अंशांत भरलेले ३३ पौंड डिसेंबरच्या १० अंशांच्या सकाळी ३० च होतात, आणि मधल्या महिन्यांत झिरपलेले वेगळेच. दुपारी ऊन चढलं की आकडा सेन्सरच्या मर्यादेवर परत येतो. सकाळीच गार टायरमध्ये पट्टीवरच्या आकड्याइतकी भरा. मार्चमध्ये पुन्हा सकाळी मोजायला मात्र विसरू नका, कारण थंडीत भरलेले ३३ तेव्हा साडेचौतीसच्या आसपास झालेले असतील. हा एक प्रसंग असा आहे की गार टायरमधली हवा काढावी लागते.

काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतो. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरवरून चाकांचा वेग ताडून, कुठलं चाक जास्त वेगाने फिरतंय यावरून गाडी हवेचा अंदाज घेते. अशा गाडीत हवा नीट केल्यावरच रीसेटचं बटण दाबा. कमी हवेवर दाबलं तर गाडी त्या कमी हवेलाच बरोबर समजते आणि दिवा लागायच्या वेळी लागत नाही.

टोपणाच्या जागी बसणारे बाहेरचे सेन्सर लावले असतील तर दर महिन्याला त्यांच्याखालची लॉकची चकती हाताने तपासा. ती सैल झाली की सेन्सर पिनेवर तिरका बसतो आणि दाब सांगता सांगता तोच हवा सोडत राहतो.